टेकडीवर निघालात? आधी किल्लीचं बघा

जुन्या गाडीची किल्ली मी बारा वर्षं बुटाच्या नाडीला बांधून पळत होते. चपटी, लोखंडी, बोटभर. पाऊस, घाम, चिखल, कशानंही तिला काही झालं नाही. मग नवी गाडी आली आणि तिच्याबरोबर हॉटेलातल्या साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी आली. 'मॅडम, आता किल्ली खिशातून काढायचीच नाही,' शोरूममधल्या मुलानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. 'आणि खिसाच नसेल तर?' मी विचारलं. तो हसला. मी विनोद केला नव्हता. बायकांच्या ट्रॅक पँट ज्यांनी घातल्यात त्यांना कळेल.

पहिल्याच पंधरवड्यात फजिती झाली. पहाटे पावणेसहाला मी गाडी चालवत तळजईच्या टेकडीला आले, कमरेच्या पट्ट्यात किल्ली होती. इंजिन चालूच ठेवून उतरले, नवरा शेजारच्या सीटवरून स्टिअरिंगमागे सरकला आणि पेट्रोल भरायला गेला. गाडी चार-पाच वेळा किणकिणली. त्याला वाटलं, सीटबेल्टची कटकट असेल. पंपावर इंजिन बंद केलं, पेट्रोल भरलं, बटण दाबलं. काही नाही.

'अगं, गाडी सुरूच होत नाहीये.'

'स्क्रीनवर काय लिहिलंय?'

'की नॉट डिटेक्टेड.'

माझा हात आपोआप कमरेवर गेला. किल्ली तिथेच होती, अंगाच्या उबेनं कोमट झालेली. भल्या पहाटे घामानं निथळणाऱ्या बाईला मीटरनं न्यायला पुण्यातला रिक्षावाला तयार झाला, हे त्या दिवसाचं एकमेव सुख. पोचले तोवर पंपावरच्या मुलांनी गाडी ढकलत हवा भरण्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली होती.

नवी कीलेस गाडी घेतलेल्या आणि चालायला, पळायला, सायकलला, पोहायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे. (मुंबईकरांनी किल्लीच्या जागी चावी वाचावं, डबी तीच.)

ही डबी करते काय

एवढं समजून घ्या, बाकीचं निम्मं आपोआप सुचेल. दाराच्या हँडलवरचं छोटं बटण तुम्ही दाबता तेव्हा गाडी हळू आवाजात हाक मारते. ही हाक साधारण 125 किलोहर्ट्झची असते आणि मीटर-दीड मीटरपलीकडे जात नाही. डबी ती ऐकते आणि 433 मेगाहर्ट्झवर सांकेतिक उत्तर देते. उत्तर जुळलं की दार उघडतं. आत बसल्यावर इंजिनाचं बटण दाबलं की हाच संवाद पुन्हा होतो. डबीवरची बटणं मात्र थेट 433 वर बोलतात, म्हणून ती बरीच लांबून चालतात.

इंजिन एकदा सुरू झालं की किल्ली लांब गेली तरी ते बंद पडत नाही. मुद्दामच तशी रचना असते. हायवेवर डबीतला सेल संपला म्हणून इंजिन थांबलं तर काय होईल, कल्पना करा. त्यामुळे गाडी फक्त किणकिणते, आणि नवरे ते ऐकत नाहीत.

डबीत आणखी दोन गोष्टी दडलेल्या असतात, आणि शोरूममध्ये त्या धड कोणी दाखवत नाही. एक, लोखंडी पातं, म्हणजे जुन्या किल्लीचं बारीक रूप. दोन, सेलशिवाय चालणारी चिप. सेल पार मेला तरी ही चिप अगदी चिकटवून धरली की गाडी तिला ओळखते.

रविवारी दुपारी, आपल्याच पार्किंगमध्ये

टेकडीवर जायच्या आधी अर्धा तास काढा. घरातलं आणखी कोणीतरी आणि दुसरी किल्ली जवळ असू द्या.

आधी पातं काढा. डबीच्या कडेला छोटा खटका असतो, तो सरकवला की पातं ओढून निघतं. आता दाराला किल्लीचं भोक शोधा. कित्येक गाड्यांत ते दिसतच नाही, ड्रायव्हरच्या हँडलच्या टोकाला प्लास्टिकचं झाकण असतं आणि त्याखाली भोक असतं. झाकणाला खालून फट असेल, तिच्यात पातं घालून हलकेच उचकटायचं. जोर केलात तर झाकणाचा दात तुटतो, आमचा तुटला. पात्यानं दार उघडल्यावर काही गाड्या भोंगा वाजवतात. घाबरू नका, आत बसून किल्लीनिशी गाडी सुरू केली की तो थांबतो. भोंगा पहिल्यांदा सोसायटीत वाजलेला बरा, पहाटेच्या अंधारात देवळासमोर नको.

मग सेल काढून ठेवा आणि सेलशिवाय गाडी सुरू करून बघा. बहुतेक गाड्यांत डबी थेट स्टार्टच्या बटणाला टेकवायची आणि तिनंच बटण दाबायचं. काहींत कप ठेवायच्या जागेत किंवा स्टिअरिंगच्या दांड्याजवळ खूण केलेली जागा असते. माहितीपुस्तकात 'सेल संपल्यास' असं पान असतंच. त्या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, कारण पुस्तक गाडीच्या कप्प्यात असतं आणि गाडी बंद असते.

तिसरा प्रयोग अंतराचा. किल्ली हातात धरून घरातल्या माणसानं दारापाशी उभं राहायचं आणि मग एकेक पाऊल मागे जायचं. दर पावलाला तुम्ही हँडलवरचं बटण दाबा. कितव्या पावलावर गाडी ऐकेनाशी होते ते लक्षात ठेवा. काही गाड्यांना हँडलला हातही लावावा लागत नाही, किल्ली जवळ आली की दार उघडतं आणि लांब गेली की बंद होतं. तुमची तशी असेल तर हा प्रयोग दोनदा करा, त्याचं कारण पुढे येतंच.

चौथा, डिकीचा. एक किल्ली तुमच्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या हातात देऊन लांब उभं करा, दुसरी डिकीत टाकून डिकी लावा. शहाणी गाडी ओरडते आणि बंद व्हायला नकार देते. आता तीच किल्ली पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून डिकीत ठेवा. गाडीला ती दिसत नाही, आणि डिकी गपकन लागते. स्टीलच्या डब्यात ठेवलेल्या किल्लीचंही असंच होऊ शकतं. लोक पाण्याची बाटली, टॉवेल आणि खाण्याचा डबा डिकीत ठेवताना किल्लीही तिथेच टेकवतात. किल्ली कुठे आहे हे हाताला कळल्याशिवाय डिकी लावायची नाही, हा नियम आजपासूनच.

शेवटचा, खिडक्यांचा. उघडायचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरा. चारही काचा खाली आल्या तर सावध व्हा. उन्हात तापलेली गाडी बसायच्या आधी थंड करायला ही सोय असते. मी आतकरवाडीला गाडी लावली, वाकून बुटाची नाडी बांधली आणि सिंहगड चढायला लागले. वाकताना घट्ट पट्ट्यातलं बटण पोटानं दाबून धरलं होतं. जुलै महिना होता. तीन तासांनी खाली आले तर ड्रायव्हरच्या सीटवर बसताच स्पंजातून पाणी वर आलं. चोरी काही झाली नव्हती, एवढंच. काही गाड्यांत ही सोय सेटिंगमधून बंद करता येते. मी लगेच केली.

जुडगा सोडवा

पळताना किल्लीच्या कडीला दुसरं काहीही नको. पितळी गणपती, घराची किल्ली, कपाटाची किल्ली, सोसायटीच्या फाटकाचा टॅग, देवदर्शनाची आठवण, सगळं काढा. एक तर खुळखुळ, दुसरं म्हणजे धातूची टोकं प्रत्येक पावलाला डबीवर आपटून ओरखडे पाडतात आणि बटणांवरचं रबर फाडतात. फाटलेल्या रबरातून घाम आत जातो. घराची किल्ली वेगळ्या कप्प्यात घ्या किंवा शेजाऱ्यांकडे ठेवा. धातूचं शोभेचं कव्हरही उतरवा, त्यानं सिग्नल अडतो. चामड्याचं कव्हर घाम शोषून दिवसभर डबीला ओलं धरतं. साधं सिलिकॉनचं कव्हर चांगलं, धुता येतं.

अंगावर कुठे

खरी मेख इथे आहे. मी सगळे प्रकार करून पाहिलेत.

मोज्यात खोचणं: घोट्याला टोचते आणि दोन किलोमीटरवर चाल बदलते. गळ्यात दोरी: छातीवर ढोल वाजतो, आणि झुडपात अडकली तर गळ्याला फास. दंडावरचा फोनचा पट्टा: फोन आणि किल्ली पाठीला पाठ लावून बसतात. फोनच्या लहरींत डबीचा आवाज हरवतो आणि परत आल्यावर दार उघडत नाही. किल्ली बिघडलेली नसते, फोनपासून वीतभर लांब धरली की उघडतं. स्पोर्ट्स ब्रामध्ये खोचणं: बऱ्याच जणी हे करतात, मीही केलंय. पण अंगावरची सगळ्यात घामट जागा तीच. पुरुषांच्या शॉर्टच्या आत जो छोटा खिसा असतो तो जुन्या चपट्या किल्लीसाठी शिवलेला आहे. डबी त्यात बसते खरी, पण चेन नसली तर उतारावर उडी मारून बाहेर पडते. टेकडीवरच्या वाळक्या गवतात काळी डबी शोधणं म्हणजे काय, ते एकदा केलेल्याला विचारा.

माझा कौल कमरेच्या ताणणाऱ्या पट्ट्याला. दोन कप्पे असलेला घ्या, एकात फोन, दुसऱ्यात किल्ली, आणि किल्लीच्या कप्प्याला चेन हवीच. चेन बंद झाल्यावर तिचं टोक आतल्या बाजूला येईल असा पट्टा मिळाला तर उत्तम, घासून उघडत नाही. काही पट्ट्यांत आत छोटा हूक असतो, त्यात डबीची कडी अडकवा. नसेल तर दोन टाके घालून नाडीचा फास शिवा, पाच मिनिटांचं काम आहे.

डबी आत ठेवताना बटणं बाहेरच्या बाजूला, पोटाकडे नाही. बटणांवर जुन्या, बाद झालेल्या डेबिट कार्डाचा कापलेला तुकडा ठेवा. पट्ट्याचा ताण मग कार्डावर येतो, बटणावर नाही. त्या जुलैनंतर मी हा तुकडा कधी विसरलेले नाही. पट्टा कुठे बांधायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला पुढे, बेंबीच्या डावीकडे सोयीचं जातं, मागे ठेवली की टेकडीवर पाठीवर झोपून व्यायाम करताना मणक्याला टोचते. बांधल्यावर जागच्या जागी दहा उड्या मारा. डबी हलली तर पट्टा एक बोट वर घ्या, नुसता आवळू नका.

सायकलवाल्यांनी जर्सीच्या मागच्या तीन खिशांपैकी मधला घ्यावा आणि त्यात दुसरं काही ठेवू नये. केळं काढताना किल्ली पडल्याचं ऐकलंय. सीटखालच्या पिशवीत मात्र नको. तुम्ही चहाला टपरीवर बसता, सायकल झाडाला टेकलेली असते, आणि सायकल गेली की गाडीही गेली.

कुत्र्याला फिरवणाऱ्यांसाठी एकच ओळ: बिस्किटांच्या पिशवीत किल्ली नको, दातांचे ठसे पॉलिश करून जात नाहीत.

घाम, पाऊस आणि डबी

पाऊस दिसतो म्हणून आपण त्याला घाबरतो. खरा शत्रू घाम. त्यात मीठ असतं, डबीच्या फटीतून तो आत शिरतो, सेलच्या पत्र्यांवर सुकतो आणि हिरवट-पांढरी पुटं चढवतो. मग एखाद्या सकाळी डबी मुकी होते आणि आपण सेलला दोष देतो.

उपाय फुकटात होतो. औषधाच्या दुकानात गोळ्या देतात तसली छोटी झिपची प्लास्टिक पिशवी घ्या. किल्ली आत घाला, हवा दाबून काढा, झिप लावा. प्लास्टिकमधून सिग्नल आरपार जातो, दार पिशवीतूनच उघडतं. पण घरी आल्याबरोबर किल्ली बाहेर काढून पुसायची. ओली किल्ली पिशवीत दिवसभर राहिली तर ती आतल्या आत उकडते, पिशवी नसती तर बरं अशी गत. पिशवी आठ-दहा दिवसांनी बदला, घडीवर चीर पडते.

भिजलीच तर आधी सेल काढा. सेल आत असेपर्यंत ओल्या पत्र्यांतून वीज वाहत राहते आणि गंज पटापट चढतो. नुसतं पावसाचं पाणी असेल तर कापडानं टिपून, उघडी ठेवून पंख्याखाली दिवसभर वाळवा. समुद्राचं पाणी गेलं असेल तर नुसतं वाळवून भागत नाही, मीठ आतच राहतं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे न्या, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलनं प्लेट स्वच्छ करून देतो. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा सल्ला प्रत्येक घरात एक काका देतातच. तांदळाची पूड आत जाते, बाकी फार काही होत नाही. हेअर ड्रायरही नको, प्लास्टिक वाकतं.

सेलबद्दल थोडं. बऱ्याच डब्यांत 2032 क्रमांकाचा सेल असतो. त्या आकड्याला अर्थ आहे: 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी. दुकानदार कधी कधी '2025 पण चालेल' म्हणतो. तो 2.5 मिलिमीटर जाड. टेबलावर चालतोही, पण पळताना बसणाऱ्या हादऱ्यांनी आत सैल होतो आणि डबी मध्येच बंद, मध्येच चालू. झाकणावर कोरलेला क्रमांकच घ्यायचा. हँडल दोनदा दाबावं लागलं किंवा डॅशबोर्डवर किल्लीची खूण आली तर त्याच आठवड्यात बदला, 'बघू पुढच्या महिन्यात' नको.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. काढलेला सेल टेबलावर, खिडकीत, फ्रिजवर ठेवू नका. लहान मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. शंका जरी आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून वर, बंद डब्यात ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

गाडीपाशी ताणताना

पळून आल्यावर आपण गाडीला हात टेकून पोटऱ्या ताणतो. कमरेला किल्ली, कंबर दारापासून हातभर. या वेळी गाडी तुमच्या हाकेच्या टप्प्यात असते, म्हणजे पलीकडच्या दाराला हँडलवर बटण असेल तर तिथे उभा असलेला माणूसही काही गाड्यांत ते दाबून दार उघडू शकतो. बॅग मागच्या सीटवर, तुमचे डोळे मिटलेले. मगाशी मोजलेली पावलं आता कामाला आणा. तेवढी सोडून आणखी चार पावलं लांब उभे राहा.

आपोआप उघडझाप करणाऱ्या गाड्यांचं दुखणं वेगळं. मैदानाच्या कडेला गाडी लावून तुम्ही फेऱ्या मारत असाल तर दर फेरीला आरसे उघडणार, मिटणार, दिवे लागणार, विझणार. गाडीच्या बॅटरीचा आणि डबीच्या सेलचा उगाच खर्च. गाडी दोन झाडं पलीकडे लावा, किंवा ही सोय सेटिंगमधून बंद ठेवा.

दोघं एकाच गाडीतून जाणार आणि एक उतरून दुसरा पुढे जाणार असेल तर उतरणाऱ्यानं दार लावायच्या आधी एकच शब्द बोलायचा: 'किल्ली?' आमच्याकडे आता याला पेट्रोलपंप म्हणतात.

जिथे नेताच येत नाही

तलावावर शक्यतो कुलपाचा कप्पा घ्या आणि छोटं कुलूप घरून न्या. जिममध्ये भिंतीवर किल्ल्या टांगायची उघडी पाटी किंवा टोपली असते, ती टाळा. चोराला तुमची गाडी कुठली हे माहीत असायची गरज नाही. डबी उचलायची, पार्किंगमध्ये बटण दाबायचं, जी गाडी डोळे मिचकावेल ती आपली.

सिग्नल लांबवून गाडी पळवण्याच्या चोरीबद्दल तुम्ही ऐकलं असेल. एक जण किल्लीजवळ यंत्र धरतो, दुसरा गाडीजवळ, आणि गाडीला वाटतं किल्ली शेजारीच आहे. 2011 मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 8 कंपन्यांच्या 10 गाड्यांवर हे करून पाहिलं, दहाच्या दहा उघडल्या. आता काही नव्या गाड्या सिग्नल यायला लागणारा वेळ मोजून खरं अंतर ओळखतात. पळणाऱ्या माणसाच्या कमरेशी यंत्र धरून कोणी धावणार नाही, त्यामुळे टेकडीवर याची चिंता नको. घरात दाराजवळच्या खुंटीवर आणि जिमच्या कप्प्यात मात्र किल्ली सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात ठेवलेली बरी. पाकीट घेतलं की दारापाशी उभं राहून हँडल दाबून पाहा. दार उघडलं तर पाकीट परत करा. बाजारात शोभेची पाकिटं भरपूर आहेत.

मॅरेथॉनला सामान ठेवायचा काउंटर असतो, पण शर्यत संपल्यावर तिथल्या रांगेत अर्धा तास जातो आणि पिशव्यांचा ढीग पाहिला की पोटात गोळा येतो. मी किल्ली कधीच तिथे देत नाही, पट्ट्यात नेते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढतानाही ती बरोबरच होती. पन्नास-साठ ग्रॅमनं माझी वेळ बिघडली असं म्हणायला माझी वेळ आधी तेवढी चांगली हवी.

समुद्रात जाणाऱ्यांची अडचण खरी आहे. 2016 मध्ये विक्रीला आलेल्या जॅग्वार एफ-पेसला यावर देखणा तोडगा मिळाला होता: रबरी मनगटपट्टा. मूळ किल्ली गाडीत ठेवायची, पट्टा मागच्या दारावरच्या नावातल्या 'जे' अक्षराजवळ धरायचा. गाडी बंद होते आणि आतली किल्ली तेवढ्यापुरती निकामी होते. आपल्या खिशाला परवडणाऱ्या काही गाड्यांतही आता फोन किंवा घड्याळ टेकवून दार उघडायची सोय येते आहे. ती असेल तर जरूर शिकून घ्या, फक्त फोनची बॅटरी संपल्यावर काय, हे आधी विचारा. बाकीच्यांनी तारकर्लीला एकानं वाळूवर बसायचं आणि पाळी लावायची, याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

परदेशात लाटांवर खेळणारे काही जण डबी फॉइलमध्ये गुंडाळून गाडीत ठेवतात, गाडी पात्यानं बंद करतात आणि पातं घेऊन पाण्यात जातात. युक्ती चालते, मी करून पाहिलीय. पण काच फोडणाऱ्याला आयती किल्ली मिळते, म्हणून मी ती सुचवणार नाही.

तसंच टायरवर, बंपरच्या आत, पेट्रोलच्या झाकणामागे किल्ली ठेवणं. जुन्या किल्लीच्या काळातही हे धाडसच होतं. डबी तर तिथूनही गाडीला उत्तर देते, कोणी हँडल दाबलं की दार उघडं. चोरीचा दावा करताना विमा कंपनी गाडीच्या सगळ्या मूळ किल्ल्या मागते. 'एक टायरवर ठेवली होती' हे वाक्य त्या फॉर्ममध्ये लिहून पाहा.

अडलंच तर

दार उघडत नाही. आधी फोनपासून लांब नेऊन पाहा. मग डबीवरचं बटण, मग पातं. वीजवाहिन्यांच्या किंवा मोबाइल मनोऱ्याच्या अगदी खाली गाडी असेल तर डबी दाराच्या हँडलला टेकवून पाहा. पट्ट्यात बटण शंभरदा दाबलं गेलं असेल तरी घाबरू नका, गाडीजवळ एक-दोनदा नीट दाबलं की बहुतेक वेळा पुन्हा जुळतं.

दार उघडलं पण इंजिन सुरू होत नाही. डबी स्टार्टच्या बटणाला टेकवा. रविवारी केलेला प्रयोग इथे कामाला येतो.

किल्लीच हरवली. आल्या वाटेनं एकदा परत जा, जिथे वाकलात, बसलात, फोन काढलात तिथे नीट बघा. टेकडीवर रोज येणाऱ्या मंडळींना सांगून ठेवा, त्यांच्याइतकी चोख यंत्रणा पोलिसांकडेही नाही. नाही मिळाली तर गाडी तिथे रात्रभर सोडू नका, दुसऱ्या किल्लीनं घरी आणा. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा, नवी किल्ली आणि विम्यासाठी तो कागद लागू शकतो. सर्व्हिस सेंटरला हरवलेली किल्ली गाडीच्या स्मरणातून पुसून टाकायला सांगा, नुसती नवी करून घेऊन भागत नाही. किल्ली बदलून देणारं वेगळं संरक्षण विम्यात जोडता येतं, नूतनीकरणाच्या वेळी विचारा. कीलेस डबीची किंमत ऐकल्यावर तो हप्ता हलका वाटतो.

दुसरी किल्ली घरातल्या कपाटात असते आणि घराची किल्ली हरवलेल्या जुडग्यात, असा प्रसंग आमच्या इमारतीत घडून गेलाय. शिवाय पडून राहिलेल्या डबीचा सेलही संपत असतो, म्हणून सहा महिन्यांतून एकदा ती वापरून पाहा. आमची दुसरी किल्ली आता नणंदेकडे असते, दोन गल्ल्या पलीकडे. तिला सांगून ठेवलंय, माझा सकाळी सहाला फोन आला तर आधी हसून घे, मग रिक्षा पकड.